छत गळले तर जबाबदार कोण?

भाडेकायदे सैल होत गेले, तशी घराच्या दुरुस्तीची जबाबदारी करारनाम्यावर येऊन पडली. तो कागद वाचूनच सही करायला हवी.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात ऑगस्ट 2012 मध्ये लॅन्सडाउन बिल्डिंगचा काही भाग कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. ऑगस्ट 2016 मध्ये जवळच्याच देवराज मार्केटचा एक भाग ढासळला. दोन्ही ठिकाणी मालक महापालिका, तर दुकानदार भाडेकरू. पुढे या वास्तू पाडायच्या की जतन करायच्या, यावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला. पण भिंती उभ्या होत्या तेव्हाच त्यांची दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्न प्रत्येक भाडेकरूचा आहे.

मालक मोकळा, भाडेकरू उघडा

कर्नाटकात 1961 च्या भाडे नियंत्रण कायद्याची जागा 1999 च्या कायद्याने घेतली. तो 2001 च्या अखेरीस लागू झाला. भाडे गोठले की मालक डागडुजीला हात आखडता घेतो, हे मुंबईच्या चाळींनी भोगले आहे. त्यामुळे भाडे खुले करण्यात तथ्य होतेच. मात्र महिना 3,500 रुपयांवरचे भाडे (काही भागांत 2,000), 14 चौरस मीटरहून मोठे दुकान आणि पालिकेच्या मालकीची जागा हे सारे नव्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. आजच्या भाड्यांत साधे दोन खोल्यांचे घरही त्यात बसत नाही.

अशा भाडेकरूला आधार उरतो तो 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, असे कलम 108 सांगते. पण बंधन येते ते मुख्यतः करारातून. अकरा महिन्यांच्या छापील करारात ॲडव्हान्स, रंगकामाची कपात, घर सोडण्याची मुदत असे सगळे तपशिलाने असते. दुरुस्तीबद्दल मात्र एकच ओळ: भाडेकरूने जागा सुस्थितीत ठेवावी. तिच्या जोरावर गच्चीतून झिरपणारे पाणीही भाडेकरूच्या माथी मारले जाते.

महाराष्ट्रात आणि आदर्श कायद्यात

महाराष्ट्राचा 1999 चा कायदा इथे अधिक स्पष्ट आहे. जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः ते करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम कापू शकतो. महिना 12,000 रुपये भाडे असेल, तर ही मर्यादा 36,000 रुपये होते. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारीही मालकाचीच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा आणखी पुढे जातो. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळाचे पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच, कुलपे, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. मालकाने हात वर केले, तर महिन्याच्या भाड्यातून निम्म्यापर्यंत कपात करता येते. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको. वादापायी पाणी-वीज तोडायची नाही.

राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही. पण ही यादी आपल्या करारात उतरवायला कुणाचीच आडकाठी नाही. म्हैसूर असो वा पुणे, सही करण्यापूर्वी कुठली दुरुस्ती कुणाची, किती दिवसांत आणि न झाल्यास भाड्यातून किती कपात, हे लिहून घ्या. ओल आलेल्या भिंतींचे तारखेसह फोटो जोडा. भाडे हवे तेवढे ठरवण्याची मुभा मिळालेल्या मालकाने छप्पर, भिंती आणि वायरिंगची हमी लेखी द्यायलाच हवी.