निळ्या नक्षीच्या जुन्या बश्या

आपल्याकडील जुन्या घरांत चिनीमातीला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयाला फार काळ लागला. लोणच्याची बरणी तेवढी फडताळात मानाने बसे. बशी मात्र सोवळ्यात चालत नसे. ती चहाच्या पाठोपाठ घरात आली आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटातच राहिली. बशी म्हणजे फुटावयाचीच वस्तू, आणि तडा गेलेली बशी घरात ठेवणे अशुभ, अशी आपली समजूत होऊन बसली. अशा घरात एखादा गृहस्थ कडा उडालेल्या जुन्या निळ्या-पांढऱ्या बश्या पैसे मोजून आणू लागला, म्हणजे घरची माणसे त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहतात. माझ्याकडेही पाहिले. ह्या छंदाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्यांत माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. आणि खरे सांगावयाचे तर तिच्यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

प्रथम हा निळा रंग कोठून आला ते पाहू. चीनमधील ज्यांगशी प्रांतात जिंगदेजेन नावाचे कुंभारांचे गाव आहे. केओलिन ही पांढरी माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून तेथील कारागीर भांडी घडवीत. चौदाव्या शतकात इराणातून येणारे कोबाल्ट त्यांच्या हाती मोठ्या प्रमाणावर लागले, आणि पांढऱ्या अंगावर निळी नक्षी काढण्याची कला तेथे बहरास आली. भट्टीच्या सुमारे १३०० अंशांच्या उष्णतेत बहुतेक रंग जळून जातात. कोबाल्ट मात्र टिकते. ह्या छंदात रंग एकच का, ह्याचे उत्तर चित्रकाराच्या आवडीत जितके आहे त्याहून अधिक भट्टीच्या आगीत आहे.

कृती अशी. भांडे सुकले की ते भाजण्यापूर्वीच त्यावर कुंचल्याने चित्र काढतात. त्या वेळी कोबाल्ट निळे दिसत नाही. काळपट, राखी दिसते. कोरडी माती रंग तत्काळ शोषून घेते, म्हणून ओढलेली रेघ पुसता येत नाही. वरून झिलईचे पाणी चढवितात आणि मग सारे एकदाच भट्टीत जाते. बाहेर येते तेव्हा रेघ निळी झालेली असते आणि काचेसारख्या झिलईखाली कायमची बंद झालेली असते. ज्याने ती रेघ काढली त्याचा हात थरथरला असेल, तर ती थरथरही तेथेच राहते. शाईने लिहिलेली अक्षरे विटतात; ही रेघ सहाशे वर्षे होऊन गेली तरी विटलेली नाही.

हा हात मात्र क्वचितच एका माणसाचा असे. आंत्रकोल नावाचे एक फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक जिंगदेजेन येथे राहत होते. १७१२ साली धाडलेल्या पत्रात त्यांनी तेथील कामाची वाटणी वर्णिली आहे. एकाने काठाची वर्तुळे ओढावयाची, दुसऱ्याने फुलांची बाह्यरेषा काढावयाची, तिसऱ्याने रंग भरावयाचा. एक भांडे पुरे होईतो सत्तर हातांतून जाते असे तेथे म्हणत. त्या सत्तरांतील एकाचेही नाव भांड्यावर नसे. जुनी बशी हाती घेतली म्हणजे मला हे पत्र हटकून आठवते.

तेथून ही भांडी दूरदूर गेली. दिल्लीस फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात १९६० च्या सुमारास चौदाव्या शतकातील चिनी तबके व वाडगे जमिनीखाली फुटलेल्या अवस्थेत सापडले. काहींवर ती शाही मुदपाकखान्यातील असल्याची फारसी खूण कोरलेली आहे. इराणात शाह अब्बास ह्याने १६११ मध्ये अर्दबिल येथील दर्ग्याला अकराशेंवर चिनी भांडी अर्पण केली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले आणि १५५७ मध्ये मकाव येथे वस्ती केली. त्यानंतर मकावहून गोव्याकडे येणाऱ्या गलबतांत रेशमाबरोबर ही भांडीही येऊ लागली. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात आजही चिनी भांडी पाहावयास मिळतात. पोर्तुगीजांचे ‘सांता कातारिना’ नावाचे असेच एक गलबत डच लोकांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ पकडले. पुढच्या वर्षी त्यातील मालाचा ॲम्स्टरडॅम येथे लिलाव झाला, आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वेड उत्तर युरोपात पसरले.

१६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवट कोसळली. त्या धामधुमीत माल मिळेनासा झाला, तेव्हा हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी संधी साधली. त्यांच्याजवळ चिनी माती नव्हती. त्यांनी आपली पिवळसर माती भाजून तिच्यावर कथिलाचा पांढरा लेप दिला आणि त्यावर निळे चित्र काढले. दुरून दोन्ही बश्या बहिणी वाटतात. पण डेल्फ्टच्या बशीची कड उडालेली असेल तर आतील पिवळसर माती उघडी पडते. चिनी बशी आतबाहेर पांढरीच असते, आणि पातळ असली तर दिव्यासमोर धरताच पलीकडच्या बोटांची सावली तिच्यातून दिसते.

आता माझ्या पहिल्या खरेदीची गोष्ट सांगतो. हैदराबादेत दर गुरुवारी जुमेरात बाजार भरतो. जुन्या पुराण्या वस्तूंच्या ढिगात तेथे मला एक निळी बशी दिसली. तिच्यावर वाकलेले विलोचे झाड, पूल, पुलावरून चाललेली तीन माणसे आणि वर आकाशात दोन पाखरे. विक्रेत्याने ती चीनची आणि हाताने रंगविलेली असल्याचे छातीवर हात ठेवून सांगितले. मीही विश्वास ठेवला. घरी आणून भिंग लावले तेव्हा लक्षात आले की काठावरील नक्षी एका ठिकाणी जुळत नाही. कापडाच्या दोन तुकड्यांची शिवण चुकावी तशी ती चुकली होती. ती बशी इंग्लंडातील, आणि चित्र छापलेले!

ही छपाई अशी होई. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्यात निळा रंग भरावयाचा, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यावयाचा आणि तो कागद भाजलेल्या बशीवर घासून चिकटवावयाचा. कागद धुऊन काढला की चित्र बशीवर राहते. त्यावर झिलई देतात. इंग्लंडातील स्टॅफर्डशायर भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली, आणि १७९० च्या सुमारास हे विलोचे चित्र निघाले. चित्रातील पळून गेलेल्या प्रेमिकांची जी करुण कथा सांगतात, ती चिनी नाही. बश्या खपाव्यात म्हणून ती इंग्लंडातच रचली गेली. ती बशी मी टाकली नाही. माझ्या संग्रहातील पहिली शिक्षिका म्हणून तिला अजूनही वरच्या फळीवर जागा आहे.

तेव्हा नव्या संग्राहकाने काय पाहावे? पहिली खूण रेघेची. हाताची रेघ जेथे कुंचला टेकला तेथे गडद आणि उचलला तेथे फिकी होते; एकाच बशीवरील दोन पाने कधी अगदी सारखी नसतात. छापील चित्रात छाया बारीक रेघांनी वा ठिपक्यांनी केलेली असते आणि काठाला कोठे तरी सांधा सापडतो. दुसरी खूण बुडाची. बशी उलटी करून खालची कडी पाहावी. तेथे बहुधा झिलई नसते, म्हणून माती आपले खरे रूप दाखविते. वर्षानुवर्षांच्या वापराने झालेली झीजही तेथेच दिसते. बनावट झीज एकसारखी असते. खरी तशी नसते.

तिसरी खूण शिक्क्याची; आणि तिच्यावर सर्वांत कमी विसंबावे. चिनी बशीच्या बुडाशी बादशहाच्या कारकिर्दीचे नाव सहा अक्षरांत लिहिलेले असते खरे. पण पुढच्या पिढ्यांतील कारागीर पूर्वजांविषयीच्या आदरापोटी जुन्या कारकिर्दीची नावे सर्रास घालीत. १६७७ मध्ये तर जिंगदेजेनच्या अधिकाऱ्याने चालू बादशहाचे नाव भांड्यांवर घालण्यास बंदी केली होती, भांडे फुटले तर नावाची विटंबना होईल म्हणून. तेव्हाच्या कित्येक बश्यांवर नुसती दोन रिकामी वर्तुळेच आढळतात. युरोपीय बशीवर मात्र देशाचे नाव इंग्रजीत असेल, तर ती बहुधा १८९१ नंतरची समजावी. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे तेथील कायद्याने सक्तीचे झाले होते.

आता तड्याविषयी. पूर्वी मौल्यवान बशी फुटली तर तिच्या पाठीस बारीक भोके पाडून धातूचे टाके घालीत. अशी टाके घातलेली बशी बाजारात कमी किमतीस मिळते, आणि पुष्कळ संग्राहक तिला नाक मुरडतात. मला तसे वाटत नाही. फुटलेली बशी टाकून न देता कोणी ती सांधून घेतली, ह्याचा अर्थ त्या घरात तिची माया होती. तडा रंगाने लपविलेली बशी मात्र घेऊ नये. तेथे दुरुस्ती नाही, फसवणूक आहे. जुन्या बशीत जेवूही नये, कारण कथिलाच्या लेपात आणि कित्येक जुन्या झिलयांत शिसे असे. राखेने वा चिंचेने घासू नये. कोमट पाण्याने धुवावी आणि दोन बश्यांमध्ये मऊ कापड घालून ठेवावी.

आता माझी चूक. काचीगुड्याच्या बाजूस एक जुने घर मोडावयाचे होते. तेथल्या आजीबाई भांडीकुंडी काढून टाकीत आहेत असे कळले म्हणून गेलो. तीन बश्या मिळाल्या. त्यांतील एक हातची होती. मधोमध तडा आणि पाठीस पितळेचे पाच टाके. पैसे देऊन मी निघालो, तेव्हा आजीबाई म्हणाल्या, “घाई कसली? बसा, चहा होतोय. त्या बशीची गोष्ट सांगते.” मला बस गाठावयाची होती. “पुन्हा येईन, आजी,” असे म्हणून मी निघालो. पुन्हा गेलो तो सुमारे वर्षाने. घर पडले होते, आणि आजीबाई गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. बशी आजही माझ्याजवळ आहे. ती किती जुनी असावी ह्याचा अंदाज मी करू शकतो. पण ते पाच टाके कोणी घातले आणि कोणासाठी, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

सर पर्सिव्हल डेव्हिड हे मोठे संग्राहक १८९२ मध्ये मुंबईस जन्मले. एकाच जोडीतील दोन उंच निळ्या-पांढऱ्या सुरया त्यांनी वेगवेगळ्या वेळी मिळवून पुन्हा एकत्र आणल्या; आज त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या गळ्यावर लेख आहे. जांग वेनजिन नावाच्या भक्ताने आपल्या कुटुंबाच्या सुखरूपतेसाठी ही जोडी आणि एक धूपपात्र देवालयास अर्पण केले, अशी त्यात तारखेसह नोंद आहे. ते वर्ष १३५१. ह्या नोंदीच्या आधारे जॉन पोप ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९५२ आणि १९५६ मध्ये इस्तंबूल व अर्दबिल येथील भांड्यांतून चौदाव्या शतकातील भांडी निवडून दाखविली. त्या भक्ताने चार ओळी लिहवून घेतल्या नसत्या, तर त्या केवळ दोन सुंदर सुरया राहिल्या असत्या. त्यांच्याबरोबरचे धूपपात्र अद्याप सापडलेले नाही; पण ते होते, एवढे तरी आपल्याला त्या लेखामुळेच ठाऊक आहे.

म्हणून श्रोतेहो, शेवटची विनंती अशी. बशी घ्याल तेव्हा ती कोठून, केव्हा आणि कोणाकडून आली, हे एका वहीत लिहून ठेवा. गोष्ट सांगणारे कोणी भेटले तर बस चुकली तरी चालेल. बसून चहा घ्या. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याखाली येतात आणि त्या खासगी व्यक्तीला परदेशी धाडता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आणि संग्रहच करावयाचा नसेल, तर निदान आपल्या घरच्या कपाटातील जुनी बशी एकदा उलटी करून पाहा. ती कोणी आणली हे घरातील वडील माणसांना आजच विचारा. बशी आणखी शंभर वर्षे टिकेल. ती गोष्ट टिकावयाची असेल, तर ती आपणच विचारून घेतली पाहिजे.