अभ्यासक्रमाचा मक्ता

राउटर नावाचे जे यंत्र विकून सिस्को ही अमेरिकन कंपनी जगप्रसिद्ध झाली, म्हणजे निरनिराळ्या संगणकजालांतून येणाऱ्या संदेशखंडांचे पत्ते वाचून त्यांस पुढची वाट दाखविणारी जी पेटी, तिचा उगम स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातला आहे; तेथेच नोकरीस असलेल्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने १९८४ साली कंपनी काढून त्याच धर्तीची यंत्रे विकण्यास आरंभ केला, आणि विद्यापीठाने काही काळ रोष धरून अखेर १९८७ मध्ये रीतसर परवाना देऊन तो मामला मिटविला.

हीच कंपनी पुढे दहा वर्षांनी गुरूच्या भूमिकेत शिक्षणसंस्थांकडे परतली. जॉर्ज वॉर्ड हे तिचे अभियंते शाळांसाठी संगणकजाले उभारीत असता त्यांच्या ध्यानात आले की, यंत्रांपुरता पैसा शाळेपाशी असला तरी ती राखणारा जाणता मनुष्य नसतो. तेव्हा त्यांनी ते काम विद्यार्थ्यांनाच शिकविले, आणि त्यातूनच १९९७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील सात राज्यांतील ६४ संस्थांमध्ये ‘नेटवर्किंग अकॅडमी’ सुरू झाली. आज आपल्याकडील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांशीही तिचे करार आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि अध्यापकांचे प्रशिक्षण कंपनीकडे, वर्ग आणि विद्यार्थी महाविद्यालयाकडे, असा साधारण हा व्यवहार असतो.

या व्यवहारात विद्यार्थ्यांच्या पदरी पडणारी सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते ‘पॅकेट ट्रेसर’ ही आज्ञावली होय. खऱ्या राउटरांनी प्रयोगशाळा भरणे बहुतेक महाविद्यालयांच्या ऐपतीबाहेरचे; येथे मात्र पडद्यावरच राउटर, स्विच आणि तारा मांडता येतात, आणि काळाची गती जणू थोपवून एकेक संदेशखंड लहानशा लिफाफ्याच्या रूपाने यंत्रामागून यंत्र ओलांडताना पाहता येतो. तो लिफाफा उघडला की संदेशवहनाच्या कोणत्या थराने कोणता मजकूर जोडला हे दिसते; पत्त्याचा एखादा आकडा चुकला असेल तर तो नेमका कोठे अडला, हेही कळते. फळ्यावर सात थरांची उतरंड काढून जे वर्षभर उमगत नाही, ते कधी कधी एका तासात उमगते.

परंतु करारनाम्याला दुसरी बाजू आहेच. ईआयजीआरपी हा मार्ग ठरविण्याचा नियमसंच दीर्घकाळ सिस्कोच्या मालकीचा होता, आणि तरीही तिच्या अभ्यासक्रमात त्याला मानाचे पान असे. त्याची नियमावली खुल्या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली ती २०१६ साली. तिच्या सीसीएनए या प्रमाणपत्राची मुदतही तीनच वर्षांची असते. उलट व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली निरनिराळी संगणकजाले परस्परांस जोडण्याची मूळ कल्पना, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर, आजही तितकीच लागू आहे. म्हणून आज्ञा कशा द्याव्यात हे कंपनीने खुशाल शिकवावे. त्या आज्ञांमागील कारणे शिकविण्याचे आणि प्रश्नपत्रिका काढण्याचे काम मात्र विद्यापीठाने मक्त्याने देऊ नये.

आपल्याकडे या मताला आधार आहे. १९८६ साली शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारा अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि पाच आयआयटी यांनी जाले उभारता उभारताच ही विद्या अंगी बाणविली. आज मात्र पुष्कळ महाविद्यालयांचे स्वतःचे जाल बाहेरचा ठेकेदार सांभाळतो, आणि ज्या खोलीत राउटर बसविलेला असतो तिची किल्ली शिपायापाशी असते, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यापाशी नसते.