खसखशीएवढी फुलं

पोर्तुगालच्या पश्चिम भागात, तोरेस वेद्रासच्या आसपास, सुमारे ११ ते १२ कोटी वर्षांपूर्वीची माती आहे. ती पाण्यात कालवायची आणि मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी भोकं असलेल्या चाळणीतून गाळायची. वर उरतो काळा भुगा. तो आम्लात धुऊन खनिजं घालवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यातला एखादा कण चक्क फूल निघतो. खसखशीच्या दाण्याएवढं, पण पुंकेसरांसकट. कधी कधी परागकणसुद्धा परागकोशात जागच्या जागी.

एल्से मारी फ्रीस, काय पेडरसन आणि पीटर क्रेन या शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं हाच भुगा निवडला. त्यातली बहुतेक फुलं अर्धा ते तीन मिलिमीटरची. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाचा बनला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ही फुलं तेव्हाच निदान चार-साडेचार कोटी वर्षं जुनी होती! फुलझाडं अशी एकाएकी कुठून आली, या कोड्याने १८७९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला पत्र लिहिताना डार्विन वैतागला होता. मला वाटतं, त्यातलं थोडं कोडं तरी चाळणीच्या भोकांतून निसटलेलं असावं.

फुलं टिकली ती वणव्याच्या कृपेने. पाचोळ्याखाली हवा कमी पडली की नाजूक भाग राख न होता कोळसा होतात, आणि कोळसा कुजत नाही. त्या काळी वणवे वारंवार लागत. रान सूचिपर्णी वृक्षांचं आणि नेच्यांचं. जिथे आगीने किंवा पुराने जमीन मोकळी केली, तिथे ही बारकी फुलझाडं घुसत.

२०१५ साली फ्रीस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगाल व पूर्व अमेरिकेतल्या सुमारे २५० बिया न फोडता क्ष-किरणांनी आतून पाहिल्या. बऱ्याच बियांमध्ये पेशींचे बारकावे शाबूत होते. आतला गर्भ मात्र पाव मिलिमीटरहून लहान. असं बी पडल्या पडल्या रुजत नाही. गर्भाला आधी बीच्या आतच वाढावं लागतं. योग्य वेळ येईपर्यंत दम धरणारं हे बी, आज आहे आणि उद्या नाही अशा जागेसाठी उत्तमच.

पण खरा पल्ला गाठला तो पानांनी. नेचे किंवा सूचिपर्णींच्या पानात दर चौरस मिलिमीटरला सरासरी २ मिलिमीटर लांबीच्या शिरा असतात. आजच्या फुलझाडांत सरासरी ८, काहींत तर २५. आता १०० चौरस सेंटीमीटरचं एक पान घ्या आणि हिशेब करा: पहिल्या गटात २० मीटर शिरा, फुलझाडांत ८० मीटर, आणि वरच्या टोकाला पाव किलोमीटर. एका पानात! सुरुवातीच्या फुलझाडांच्या शिरा विरळच होत्या; ही घनता वाढली ती साधारण १० कोटी वर्षांपूर्वीपासून.

शिरा जास्त म्हणजे पानाला पाणी जास्त, अन्ननिर्मिती जास्त आणि हवेत सोडलेली वाफही जास्त. आज फुलझाडांच्या जाती तीन लाखांच्या घरात आहेत, सूचिपर्णी आणि त्यांचे भाऊबंद मिळून जेमतेम हजार. पानांच्या या वाफेवर पाऊस किती अवलंबून आहे हे पाहायला केविन बॉईस आणि जंग-उन ली या शास्त्रज्ञांनी २०१० साली संगणकीय प्रारूपात ॲमेझॉनमधली फुलझाडं काढून त्यांच्या जागी कमी शिरांची झाडं ठेवली. खोरं तापलं, पाऊस आटला, आणि बारमाही ओलं जंगल ८० टक्क्यांनी घटलं.