ध्रुवप्रदेशांतील वाटाडे

वाटाड्या म्हणजे वाट ठाऊक असलेला मनुष्य, असा अर्थ आपण सहजच करितों. रान, ओढे, डोंगर हे सर्व त्याच्या पायाखालचे असतात. परक्यानें त्याच्या मागोमाग चालावें एवढेंच उरतें. परंतु जेथें वाटच नाहीं, काल मोकळें असलेलें पाणी जेथें आज बर्फानें भरून जातें, व आज समोर दिसणारा हिमनग उद्यां दुसरीकडे वाहत गेलेला असतो, तेथें वाटाड्यानें काय करावें? असे वाटाडे आज पृथ्वीच्या दोन्ही टोंकांस, प्रवासी जहाजांवर काम करीत आहेत. त्यांच्या कामाची ओळख करून देण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

अंटार्क्टिका खंडाकडे पूर्वीं संशोधक, खलाशी व देवमाशांचे शिकारी यांखेरीज सहसा कोणी जात नसे. १९६६ सालीं लार्स-एरिक लिंडब्लाड या गृहस्थानें हौशी प्रवाशांची एक तुकडी तिकडे नेली. व १९६९ मध्यें अशा सफरींकरितां ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हें खास जहाज तयार झालें. प्रवाशांनीं नुसतें पाहून परतूं नये, पाहिलेलें समजावून सांगणारे जाणकारही बरोबर असावेत, ही पद्धत या सफरींनीं रूढ केली. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दर हंगामास सहा-सात हजार प्रवासी तिकडे जात. २०२३-२४ च्या हंगामांत ही संख्या एक लक्ष वीस हजारांवर गेली.

वाटाड्यांपैकीं कोणी पक्षिशास्त्राचा अभ्यासक असतो, कोणी भूगर्भशास्त्राचा, कोणी इतिहासाचा. परंतु जहाजावर विद्वत्ता ही अर्धीच शिदोरी होय. प्रत्येकास रबरी होडी हांकतां आली पाहिजे, बिनतारी यंत्रावर थोडक्यांत व स्पष्ट बोलतां आलें पाहिजे, प्रथमोपचार आले पाहिजेत. दक्षिणेकडील हंगाम नोव्हेंबर ते मार्च, व उत्तरेकडील साधारण मे ते सप्टेंबर. त्यामुळें कित्येकांच्या वांट्यास वर्षांत दोन उन्हाळे येतात, आणि दोन्ही बर्फांतले! घर मात्र महिनेच्या महिने दिसत नाहीं.

दक्षिणेकडील पुष्कळशा सफरी अर्जेंटिनांतील उश्वाया बंदरांतून निघतात. ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडण्यास सुमारें दोन दिवस लागतात. तेवढ्या अवधींत वाटाडे व्याख्यानें देतात, नियम समजावितात, आणि प्रवाशांचे कपडे, पिशव्या व बूट तपासतात. खिशाच्या शिवणींत अडकलेलें गवताचें एखादें बीं देखील ते काढून घेतात. हा निव्वळ सोपस्कार नव्हे. किंग जॉर्ज बेटावरील पोलंडच्या संशोधन-केंद्राजवळ परदेशांतलें एक साधें गवत १९८५ च्या सुमारास उगवलेलें आढळलें. तें हळूहळू पसरलें, व उपटून काढण्याची मोठी खटपट करावी लागली.

पहांटे मोहिमेचा प्रमुख व कप्तान वारा, लाटा आणि बर्फ पाहून दिवसाचा बेत ठरवितात, आणि पुष्कळदां तासाभरांत तो बदलतातही. उतरावयाचें ठरल्यास प्रथम वाटाडे एकटे जातात. तंबू, अन्न इत्यादि सामान ते किनाऱ्यावर आधीं उतरवून ठेवितात. कारण हवा एकाएकीं फिरली तर प्रवाशांस लगेच जहाजावर नेतां येईलच असें नाहीं. नंतर निशाणें रोवून चालण्याची हद्द आंखतात. मग आठ-दहा प्रवाशांची एकेक खेप येते. होडींत चढतां-उतरतां वाटाड्या प्रवाशाचा पंजा न धरितां मनगटाच्या वर हात धरितो, व प्रवासी त्याचा. हातमोजे ओले असले तरी ही पकड सहसा सुटत नाहीं.

१९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानें हें खंड शांततेच्या कार्यासाठीं राखलें आहे. आपला देश १९८३ सालीं त्या करारांत सामील झाला. तत्पूर्वीं १९८१ च्या डिसेंबरांत पहिली भारतीय मोहीम गोव्याहून तिकडे निघाली होती. प्रवाशांसंबंधींच्या नियमांप्रमाणें एका ठिकाणीं एका वेळीं शंभरांहून अधिक प्रवासी उतरूं नयेत, व वीस प्रवाशांमागें निदान एक वाटाड्या असावा. पांचशेंहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजानें कोणासच उतरवूं नये. पेंग्विनांपासून पांच मीटर दूर राहावें. त्यांची वाट अडवूं नये, कारण पिल्लाकरितां अन्न घेऊन चाललेला पक्षी अडला तर पिल्लू उपाशी राहतें. मऊ बर्फांत पाय रुतून पडलेले खड्डे वाटाडे बुजवितात, नाहीं तर पेंग्विन त्यांत पडून अडकेल. फेब्रुवारी २०२४ मध्यें पक्ष्यांचा घातक फ्लू या खंडावर पोंचल्याचें सिद्ध झालें. या रोगाच्या भीतीनें जमिनीवर बसण्याचीही प्रवाशांस मनाई असते.

आतां वाटाड्याची खरी अडचण पाहा. प्रवासी पुष्कळ पैसे खर्चून, अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला असतो. समोर निळा हिमनग चमकतो, आणि तो म्हणतो, “आणखी थोडें जवळ चला.” हिमनगाचा बहुतेक भाग पाण्याखालीं असतो, व तो वरचेवर न सुचवितां उलटतो, हें वाटाड्यास ठाऊक असतें. ज्याच्या पैशावर आपली नोकरी चालते, त्याचें मन न दुखवितां त्यास ‘नाहीं’ म्हणणें, हें होडी हांकण्याहून अवघड आहे. परततांना तो प्रत्येकाची हजेरी घेतो, व शेवटचा मनुष्य जहाजावर चढल्याखेरीज किनारा सोडीत नाहीं. सहलीस मुलें नेणाऱ्या आम्हां शिक्षकांस ही हजेरी कशी जिवावरची असते, हें निराळें सांगावयास नको.

उत्तरेकडे पांढऱ्या अस्वलांची भर पडते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर वाटाडे बंदूक व इषाऱ्याचें पिस्तूल घेऊन आधीं उतरतात, दुर्बिणींतून चहूंकडे पाहतात, व अस्वल दिसतांच सर्वांस माघारें नेतात. २८ जुलै २०१८ रोजीं तेथील उत्तर टोंकाच्या बेटांवर, प्रवासी उतरण्यापूर्वीं पाहणीस गेलेल्या वाटाड्यांपैकीं एकावर न दिसलेल्या अस्वलानें झडप घातली. त्याच्या डोक्यास जखमा झाल्या; सोबत्यांनीं अस्वलास हांकलून लावण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाहीं, व शेवटीं तें गोळी घालून मारावें लागलें. ज्या प्राण्यास पाहावयाचें, तोच स्वतःच्या घरीं मेला. २०२५ च्या जानेवारीपासून तेथें अस्वलांपासून तीनशें मीटर, व मार्च ते जून पांचशें मीटर दूर राहण्याचा कायदा झाला आहे.

समुद्रही कोणाची ओळख ठेवीत नाहीं. वर सांगितलेलें लिंडब्लाडचें जहाज, पुढें नुसत्या ‘एक्स्प्लोरर’ या नांवानें चालणारें, २३ नोव्हेंबर २००७ रोजीं दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडालें. त्यावरील १५४ माणसें कित्येक तास उघड्या समुद्रांत, जीवनरक्षक होड्यांत होतीं. नॉर्वेचें एक जहाज मदतीस आलें, आणि एकूणएक वांचलीं.

मग माणसांनीं तेथें जावेंच कशास, असा प्रश्न तुम्हांस पडेल. तो विचारी वाटाड्यासही टाळतां येणार नाहीं. जें सुरक्षित ठेवावयाचें, तेथेंच तो दरवर्षीं शेंकडों माणसें नेतो. त्यांच्या जहाजाचा धूरही तेथील आकाशांत सोडतो. तेथून परतलेले लोक त्या प्रदेशाचे कैवारी होतील अशी त्यास आशा असते, पण खात्री कोण देणार? म्हणून त्याच्या हातीं एवढेंच राहतें कीं, जें पाहावयाचें तें नीट पाहवावें, आणि कोठें थांबावें हें वेळेवर सांगावें. ज्या दिवशीं कांहींच विशेष घडलें नाहीं, सर्व माणसें मोजून जहाजावर आलीं, आणि पेंग्विन आपल्या वाटेनें पिल्लांकडे गेले, तो दिवस त्याच्या हिशेबीं उत्तम होय.