शरणपूर आणि बागामोयो : पूर्व आफ्रिकेतील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा नाशिकशी संबंध

देवळा, कळवण, सटाणा या बाजूने नाशिकला येणाऱ्यास 'शरणपूर' हे नाव तेथील रस्त्यामुळे परिचित असते. ज्यांना तेथे आश्रय मिळाला त्यांत पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी मुलेही होती, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडीत असे. सुटका झालेली कित्येक मुले मुंबईस आणून मिशनरी संस्थांच्या स्वाधीन केली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. तेथील आफ्रिकन आश्रमात या मुलांना लेखनवाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे व्यवसाय शिकविण्यात आले. ही सोसायटी अँग्लिकन पंथाची, कॅथॉलिक नव्हे. तथापि दोन्ही पंथांची कार्यपद्धती पुष्कळशी समान होती. पवित्र आत्मा संघाच्या फ्रेंच कॅथॉलिक पाद्र्यांनी १८६८ मध्ये झांजिबारसमोरील बागामोयो येथे केंद्र स्थापिले आणि दास्यमुक्त मुलांना शाळा, शेती व हस्तव्यवसाय यांचे शिक्षण देऊन त्यांच्या ख्रिस्ती वस्त्या वसविल्या.

या दोन प्रवाहांची एकदा प्रत्यक्ष गाठ पडली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ च्या सफरीत नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले होते. १८७२ मध्ये त्यांच्याकडे पाठविलेल्या तुकडीतही नाशिकला शिकलेले काही जण होते. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन निवर्तले, तेव्हा अंत्यप्रार्थना म्हणण्याचे व झाडावर लेख कोरण्याचे काम नाशिकच्याच जेकब वेनराइटने केले. सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली सुमारे नऊ महिने वाट तुडवून तो देह समुद्रकाठी आणण्यात आला आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या कॅथॉलिक केंद्रात ठेवण्यात आला.

या कार्यात भाषेचे स्थान काय होते, हा प्रश्न विशेष विचारार्ह आहे. मोंबासाजवळील रबाई येथे राहणाऱ्या योहान्नेस रेबमान यांचा न्यांजा भाषेचा कोश १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आधार सालिमिनी नावाच्या गुलामाची बोली हा होता. याच रेबमान यांच्या साहाय्यास १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे भारतात वाढलेले आफ्रिकन गेले. पुढे १८७५ मध्ये प्राइस यांनीच मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही दास्यमुक्तांची वसाहत उभारली, तेव्हाही शिक्षक, दुभाषे व कारागीर म्हणून भारतातून परतलेल्यांवर मोठी भिस्त होती.

परंतु हे परतणे खरोखर घरी जाणे नव्हते. वेनराइटसारख्यांची मूळ भाषा याओ ही अंतर्भागातली. किनाऱ्यावर स्वाहिली आणि रबाई परिसरात स्थानिक बोली चाले. बालपणीच तुटलेल्या मातृभाषेवर नाशिकच्या मराठी परिसराचे व शाळेतील इंग्रजीचे थर चढले होते. नावेही बदलली होती : सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग ही नावे मिशनऱ्यांच्या आडनावांची आठवण देतात. मायदेशी त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हटले जाई. किनाऱ्यावरील लोकांना ते परके वाटत, तर युरोपीय मिशनऱ्यांशी वेतन व दर्जा यांवरून त्यांचे खटके उडत. जोन्स व सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांची बुसोगा येथे हत्या झाल्यावर उरलेला काफिला परत आणण्याची जबाबदारी जोन्स यांनी पार पाडली.

धर्मप्रसाराचा इतिहास बहुधा युरोपीय मिशनऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. शरणपूरचा वृत्तान्त त्या इतिहासात दुभाषा व शिक्षक यांना त्यांचे स्थान परत देतो. ज्या परक्या भाषांमुळे ही माणसे त्या कार्यास उपयोगी ठरली, त्याच भाषांनी त्यांना स्वजनांत परके केले. म्हणून शरणपूरला जे शरण मिळाले त्याचे मोल सांगताना, त्यासाठी कोणत्या भाषा व कोणती नावे गमवावी लागली, याचाही हिशेब मांडला पाहिजे.