लिथियम बॅटरीची नाडीपरीक्षा

भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागात विजेवर चालणारी स्कूटर आता अपूर्वाईची राहिलेली नाही. काही घरांत तर इन्व्हर्टरलाही लिथियमची बॅटरी आली आहे. जुन्या शिशाच्या बॅटरीत आपण पाणी घालीत असू, त्यामुळे तिची प्रकृती थोडीबहुत कळे. ही नवी पेटी मात्र सर्व बाजूंनी बंद. तिच्या आत लक्ष ठेवण्याचे काम ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम’, म्हणजे बीएमएस, ही लहानशी यंत्रणा करते.

बिदरजवळील नौबादची सुरंग बावी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भुयारातील पाण्यावर नजर राहावी व गाळ काढता यावा म्हणून तिला जागोजाग वरून तोंडे ठेवलेली आहेत. एकाच तोंडातून साऱ्या भुयाराची कल्पना येत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. ४८ व्होल्टची म्हणून मिळणाऱ्या लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत बहुधा १६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाने भरताना सुमारे ३.६५ व्होल्टच्या वर चढू नये व वापरताना सुमारे २.५ च्या खाली उतरू नये. आता समजा, १५ सेल ३.४ वर आहेत आणि एक ३.७ वर गेला. बेरीज ५४.७ होते. सगळ्या पेटीची मर्यादा ५८.४ असल्याने बाहेरून मीटर लावणाऱ्यास काहीच वावगे दिसत नाही. आत मात्र एक सेल मर्यादा ओलांडून बसलेला असतो! बीएमएसच्या तारा प्रत्येक सेलपाशी गेलेल्या असतात, म्हणून तिला हे कळते व ती चार्जिंग तोडते. थोडाफार फरक असेल तर अधिक भरलेल्या सेलमधील वीज किंचित जिरवून ती सर्वांना एका पातळीवर आणते.

उष्णतेचीही ती नोंद घेते. बिदर पठारावर असल्याने काहीसे सुखी. कलबुर्गीचा मे महिना कसा असतो ते सांगावयास नको. सेलचे तापमान सुमारे ४५ अंशांपुढे गेले की चार्जिंग बंद ठेवण्याची बऱ्याच बॅटऱ्यांत योजना असते. उन्हातून आणलेली स्कूटर लगेच चार्ज होत नसेल, तर चार्जर बिघडला असे समजू नये. तासभर सावलीत निवू द्यावी.

२०२२ साली देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरींनी पेट घेतला. मार्चमध्ये पुण्यातही एक पेटली. त्यानंतर केंद्र सरकारने ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले व ते १ डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाले. मात्र ते वाहनांपुरते आहे. घरच्या इन्व्हर्टरला ते लागत नाही. तेथे ग्राहकानेच चौकशी करावी. गाडी अडली की बीएमएसला वळसा घालून तार जोडून देणारे कारागीरही भेटतात. त्यांना स्पष्ट नकार द्यावा.

पडद्यावर ३० टक्के दिसत असताना गाडी एकाएकी बंद पडू लागली, तर एखादा सेल थकला असण्याचा संभव असतो. अशा वेळी दुरुस्ती केंद्रात नुसते एकूण व्होल्ट न विचारता, प्रत्येक सेलचे आकडे दाखवा म्हणावे. बीएमएसमधून ते वाचता येतात.