ग्राहकाचं पोट फुगलं, तर तो परत येत नाही

स्मूदी काउंटर टाकायचा विचार करताय? मग आधी माझी चूक ऐका. सुरुवातीला मी एकाच ग्लासात भाजलेलं सोयापीठ, केळं, खजूर, ओट्स असं सगळं ठासून द्यायचो. चव मस्त होती, पण रोजचे दोन ग्राहक अचानक यायचे थांबले. एकाला विचारलं, तर म्हणाला, "दादा, दिवसभर पोट फुगतं."

कारण साधं आहे. सोयाबीन, हरभरा, वाटाणा यांतली रॅफिनोजसारखी साखर आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो.

मग काय करायचं?

- पिठाऐवजी सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन आयसोलेट घ्या. त्यात ही साखर बरीच कमी असते.
- लेबल वाचा. इन्युलिन किंवा सॉर्बिटॉल असेल तर तो डबा नको. त्यांनीही गॅस होतो.
- नव्या ग्राहकाला अर्धाच स्कूप द्या, मग हळूहळू वाढवा.
- फेस बसू द्या, मगच ग्लास द्या. फेस म्हणजे पोटात जाणारी हवा.

तरीही त्रास होत असेल, तर स्मूदी थांबवून डॉक्टरांना विचारायला सांगा.

अर्ध्या स्कूपमुळे आजचं बिल थोडं कमी होईल. पण ग्राहक उद्या परत येईल, आणि धंदा त्या उद्यावरच चालतो.